आधी कॅमेऱ्याचा पासंग पाहा

जासईच्या आसपास काळ्या बेसॉल्टचे डोंगर, डांबरी रस्ते, मातीचे भराव आणि खाडीकाठची तिवरे, सारे जवळजवळ आहे. वरून काढलेल्या साध्या फोटोत ओला खडक, डांबर आणि खाडीचा चिखल सारखेच काळपट दिसतात. कारण साधा कॅमेरा प्रकाश लाल, हिरवा, निळा अशा तीनच भागांत मोजतो. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा तोच प्रकाश शेकडो अरुंद पट्ट्यांत मोजतो. त्यात डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही येतो. प्रत्येक पदार्थ ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. चिकणमातीची अशी एक खूण २,२०० नॅनोमीटरच्या आसपास सापडते.

मात्र कॅमेरा पदार्थाचे नाव सांगत नाही, फक्त आकडे देतो. वजन करण्यापूर्वी तराजूचा पासंग पाहतात, तसा त्याचाही पाहावा लागतो. भिंग झाकले तरी संवेदक थोडे आकडे दाखवतोच. ते वजा करायचे. मग त्याच उन्हात जवळजवळ सगळा प्रकाश परतवणारी पांढरी पाटी टिपून तिच्याशी तुलना करायची. तरंगलांबी तपासायला हवाच मदत करते. हवेतला प्राणवायू ७६० नॅनोमीटरजवळचा प्रकाश शोषतो. ही खाच भलतीकडे दिसली, तर कॅमेऱ्याचे माप सरकले आहे. विमान किंवा उपग्रहातून पाहताना मधल्या बाष्पाचा आणि धुळीचा परिणामही वेगळा काढावा लागतो.

या तपासणीचे मोल चांद्रयान-१ च्या वेळी दिसले. त्यावरील नासाच्या उपकरणाला चंद्रावर ३,००० नॅनोमीटरच्या सुमारास पाण्याशी संबंधित खूण दिसली. कोरड्या समजल्या जाणाऱ्या चंद्रावर पाणी? पहिली शंका उपकरणावरच आली. १९९९ मध्ये चंद्राजवळून गेलेल्या कॅसिनीची जुनी मोजमापे आणि जून २००९ मधील डीप इम्पॅक्ट यानाची निरीक्षणे यांच्याशी ती ताडून पाहिली. तिन्ही जुळल्यावर, सप्टेंबर २००९ मध्ये, निष्कर्ष जाहीर झाला.

पृथ्वीवर हा प्रश्न थेट जमिनीचा होतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिले. तिवरे कुठे संपतात आणि भराव कुठे सुरू होतो, हे उद्या अशा नकाशावरून ठरवायचे झाले, तर काही मीटरची चूकही महागात पडेल. म्हणून नकाशाचे रंग पाहण्याआधी विचारावे: कॅमेरा कधी, कशाशी ताडून पाहिला होता? जमिनीवर जाऊन कोणी खात्री केली होती का?