गेम लाँचची लाट आणि आपलं छोटं चॅनेल: पीएस फाईव्ह घेण्याआधी हा एपिसोड ऐका

(ही या आठवड्याच्या एपिसोडची लिखित आवृत्ती. बोलताना आलेले "म्हणजे", "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. बसमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी खास.)

००:०० सुरुवात एका फोनने

मागच्या रविवारी माझ्या मावसभावाचा फोन आला. तो वाळूजला एका कंपनीत कामाला आहे, राहतो बजाजनगरला. म्हणाला, "दादा, पीएस फाईव्ह ईएमआयवर घ्यायलोय. जीटीए सहा आला की चॅनेल सुरू करतो. लई चालेल बघ."

मी दोन मिनिटं गप्पच बसलो. कारण त्याचा पगार मला माहितीये आणि पीएस फाईव्हची किंमतही माहितीये. पन्नास हजाराच्या वर जातं ते प्रकरण. वर गेम वेगळा, कॅप्चर, माईक, नेट वेगळं. हे सगळं अशा एका गेमसाठी, जो आधी २०२५ मध्ये येणार होता, मग २६ मे २०२६ ठरला आणि मग १९ नोव्हेंबर २०२६ वर गेला.

पण त्याचा मुद्दा पूर्ण चुकीचा नाहीये. मोठा गेम येतो तेव्हा नवीन क्रिएटरला खरंच दार उघडं मिळतं. फक्त ते दार लाँचच्या दिवशी उघडतं असं आपण समजतो आणि तिथेच फसतो. आज तेवढंच बोलायचंय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मोठा यूट्यूबर नाही. पण एकदा स्वतः आपटलोय, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

०२:१५ आम्ही कसे आपटलो

१६ ऑक्टोबर २०२४, बुधवार. पुण्याच्या सुपरगेमिंगचा इंडस बॅटल रॉयल त्या दिवशी अँड्रॉइड आणि आयफोनवर आला. आपल्या पुण्याचा स्टुडिओ, भारतीय भविष्यकाळाची कल्पना, वीरलोक नावाचा मॅप, कॉस्मियम पकडून जिंकायची वेगळी अट. आधीपासून एक कोटीच्या वर लोकांनी प्री-रजिस्टर केलं होतं. मी आणि माझा मित्र म्हणालो, हीच वेळ.

बुधवारी डाउनलोड केला, गुरुवार-शुक्रवार ऑफिसनंतर खेळलो, शनिवारी रेकॉर्ड केलं, रविवारी अपलोड. पंचवीस मिनिटांचा गेमप्ले. टायटल काय, तर "इंडस गेमप्ले". व्ह्यूज पन्नाससुद्धा नाही, त्यातले निम्मे घरचे.

राग आला. पण मग डोकं शांत करून पाहिलं, तर गणित सोपं होतं. लाँचच्या आठवड्यात लोक खूप शोधतात, खरंय. पण त्याच आठवड्यात देशातली सगळी मोठी चॅनेल्स तेच टाकतात, हिंदीत, लाइव्ह, रोज चार-चार तास. मागणी दहापट झाली आणि पुरवठा शंभरपट. मग शेवटच्या बाकावरच्या आपल्याला कोण विचारणार?

गंमत म्हणजे मित्राने सहज एक दीड मिनिटाचा शॉर्ट टाकला होता: आमच्या तीन वेगवेगळ्या फोनवर कोणती ग्राफिक्स सेटिंग ठेवली की खेळ नीट चालतो, एवढंच, साध्या मराठीत. त्याच्याखाली अनोळखी लोक प्रश्न विचारायला लागले. "माझ्याकडे चार जीबी रॅम आहे, काय ठेवू?" बस. पंचवीस मिनिटं कुणालाच नको होती, त्या एका उत्तराची गरज मात्र होती.

०५:०० लाँच म्हणजे एक दिवस नाही

म्हणून मी आता लाँचचे तीन भाग करतो.

पहिला भाग लाँचच्या आधीचा. हा सगळ्यात लांब असतो आणि छोट्या चॅनेलसाठी सगळ्यात स्वस्त. इंडसचंच बघा: प्री-रजिस्ट्रेशन २०२३ मध्ये सुरू झालं, गेम आला २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये. मधल्या काळात बीटा झाला. तेव्हा कोणी मराठीत नीट सांगितलं असतं की बॅटल रॉयलमध्ये हा गेम वेगळा कसा, कॉस्मियम म्हणजे काय, तर लाँचच्या दिवशी शोधणाऱ्याला तो व्हिडिओ आधीच तयार मिळाला असता. जीटीए सहाचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि पहिल्या २४ तासांत ९ कोटींच्या वर व्ह्यूज गेले. त्यावर बोलायला कन्सोल लागत नव्हता, साधा फोन पुरला असता.

लॅपटॉप असेल तर स्टीमवर वर्षातून तीनदा, साधारण फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, नेक्स्ट फेस्ट असतो. येणाऱ्या गेम्सचे डेमो फुकट खेळता येतात. आवडलेला एखादा लहान गेम निवडा, त्याच्या डेव्हलपरला सरळ ईमेल करा: मी मराठीत व्हिडिओ करतो, हे माझे तीन व्हिडिओ, लाँचआधी की मिळेल का? मोठी कंपनी उत्तर देणार नाही. चार-पाच जणांचा स्टुडिओ देण्याची शक्यता बरीच जास्त.

दुसरा भाग लाँचचा आठवडा. इथे लांब गेमप्लेच्या मागे लागू नका. छोटे, नेमके प्रश्न घ्या: कोणत्या फोनवर चालतो, किती डेटा खातो, पहिल्या तासात कोणती चूक टाळायची, पैसे द्यावेत का. टायटल तसंच लिहा जसं एखादा दहावीचा पोरगा सर्चमध्ये टाइप करेल.

तिसरा भाग नंतरचा, आणि हा सगळे सोडून देतात. मोठी चॅनेल्स दोन आठवड्यांत पुढच्या गेमवर जातात. पण दिवाळीच्या सुट्टीत, परीक्षेनंतर, सेल लागल्यावर नवीन खेळणारे येतच राहतात. अमंग अस आठवतो? गेम २०१८ चा, जगभर गाजला २०२० मध्ये. दोन वर्षांनी! ज्यांचे साधे गाइड आधीच पडून होते त्यांना ती लाट आयती मिळाली.

०८:३० मराठीतून नक्की काय द्यायचं?

मला नेहमी विचारतात, "मराठीत कोण बघणार? सगळे हिंदीच बघतात." हिंदीवाल्याशी हिंदीत स्पर्धा केली तर बरोबर आहे. पण जे तो देऊच शकत नाही ते द्या ना.

उदाहरण घ्या राजीचं. राजी: ॲन एन्शंट एपिक. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी सोडलं नाही. १८ ऑगस्ट २०२० ला निन्टेंडो स्विचवर आणि १५ ऑक्टोबर २०२० ला पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर गेम आला. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकनही मिळालं.

कथा काय? राजी नावाची मुलगी, राक्षसांनी पळवलेला तिचा लहान भाऊ गोलू, आणि तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू. सुरुवातच राखीपौर्णिमेची. आता परदेशातल्या समीक्षकाला हे सगळं नवीन होतं. तुम्हाला मात्र बहिणीने भावासाठी असं का करावं हे समजावून सांगावं लागत नाही, ते तुमच्या घरातच आहे.

आणि आपण तर संभाजीनगरचे! गेममधल्या दुर्गेबद्दल बोलायचंय ना? गाडी काढा, वेरूळला जा. सोळा नंबरच्या लेण्यात, कैलासात, महिषासुरमर्दिनीचं शिल्प आहे. शेजारच्या पंधरा नंबरच्या लेण्याला दशावतार म्हणतात, तिथे विष्णूची शिल्पं आहेत. गेमचा एक तुकडा आणि त्या दगडाचा एक शॉट शेजारी ठेवून तीन मिनिटं बोललात, तर दिल्लीत बसलेल्या कोणत्याही चॅनेलला तो व्हिडिओ सहज जमणार नाही. फक्त मंगळवारी जाऊ नका, लेणी बंद असतात. आणि ट्रायपॉड लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, फोन हातात धरूनच शूट करा.

मोठ्या लाटेत आपली जागा अशी सापडते. सगळे तोच गेम दाखवतात, तुम्ही तो आपल्या गावातून दाखवा.

११:०० एकाच गेमवर घर बांधू नका

मुंबईकडचा नमन माथूर, म्हणजे मॉर्टल. मिनी मिलिशियापासून खेळत होता. २०१८ मध्ये पबजी मोबाईल आला आणि तो योग्य वेळी तिथे होता. २०१९ मध्ये त्याच्या टीम सोलने पबजी मोबाईल इंडिया सिरीज जिंकली. लाट कशी पकडायची याचं हे उत्तम उदाहरण. पण एक लक्षात घ्या, लाट आली तेव्हा तो आधीच खेळत आणि व्हिडिओ टाकत होता. शून्यातून लाँचच्या सकाळी उठला नव्हता.

आणि पुढे काय झालं? २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलवर बंदी. २ जुलै २०२१ ला बीजीएमआय म्हणून परत. २८ जुलै २०२२ ला पुन्हा स्टोअरमधून गायब. मे २०२३ मध्ये पुन्हा परत. ज्यांच्या चॅनेलचं नावच त्या गेमवर होतं, त्यांनी काय केलं असेल विचार करा. ज्यांना लोक त्यांच्या बोलण्यासाठी, समजावण्यासाठी बघत होते, ते दुसऱ्या गेमवर गेले आणि लोक सोबत गेले.

चॅनेलचं नाव गेमवर ठेवू नका. एवढं जरी आजच्या एपिसोडमधून घेतलं तरी पुरे.

१२:४५ कंटाळवाणा पण महत्त्वाचा भाग: नियम

एक, गाणी. जीटीएच्या गाडीतला रेडिओ खऱ्या कलाकारांची गाणी वाजवतो. ती तुमच्या व्हिडिओत गेली की क्लेम येऊ शकतो, म्हणजे त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे. स्ट्राइक हा वेगळा आणि गंभीर प्रकार: ९० दिवसांत तीन आले तर चॅनेलच जाऊ शकतं. रेकॉर्ड करताना गेममधलं संगीत बंद ठेवा. सायबरपंक २०७७ मध्ये तर कॉपीराइटची गाणी बंद करायचा वेगळा पर्यायच दिलाय.

दोन, कंपनीची अट. पर्सोना ५ आला २०१७ मध्ये. तेव्हा ॲटलसने सांगून टाकलं होतं की कथेत एका ठराविक तारखेपुढचं दाखवलं तर क्लेम किंवा स्ट्राइक येईल. ओरड झाल्यावर मर्यादा सैल केली. तेव्हा गेम घेण्याआधी कंपनीचं व्हिडिओ धोरण वाचा, दहा मिनिटं लागतात. आणि नुसता मुका गेमप्ले टाकू नका. तुमचं बोलणं, शिकवणं त्यात असलं पाहिजे, नाहीतर यूट्यूब कमाईला नाही म्हणू शकतं.

तीन, खरं बोला. सायबरपंकच्या लाँचआधी, डिसेंबर २०२० मध्ये, समीक्षकांना फक्त पीसीची आवृत्ती मिळाली होती. जुन्या कन्सोलवर गेमची हालत काय आहे ते लोकांना पैसे भरल्यावर कळलं आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला. तुम्ही ज्या मशीनवर खेळलात ते पहिल्या तीस सेकंदांत सांगा. गेम फुकट मिळाला असेल तर तेही सांगा. जाहिरात असेल तर ती जाहिरात आहे असं दाखवणं आपल्याकडे नियमानेच बंधनकारक आहे.

चार, आणि हे कान देऊन ऐका. चॅनेल जरा वाढलं की पैसे लावून खेळायच्या ॲप्सचे मेसेज येतात: एक व्हिडिओ करा, इतके हजार देतो. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी आणली आहे आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पाच हजारासाठी हे अंगावर घ्यायचं नाही.

१५:३० मग मावसभावाचं काय?

मी त्याला एकच हिशोब दाखवला. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. मेंबरशिपसारख्या सोयी ५०० सबस्क्रायबरपासून मिळू शकतात. पण ईएमआयचा हप्ता पहिल्या महिन्यापासून लागतो. चॅनेल तुझ्या हप्त्यासाठी थांबत नाही आणि बँक तुझ्या सबस्क्रायबरसाठी थांबत नाही.

तो थोडा चिडला. म्हणाला, "तू इंजिनिअर आहेस, तुला काय सांगायला जातंय." त्याचं बरोबर आहे. बारा तास उभं राहून काम करणाऱ्या माणसाला एक दार दिसलं होतं आणि मी त्याला कुलूप दाखवत होतो. म्हणून मग नुसतं "नको" न म्हणता आम्ही बसून एक प्लॅन केला:

- पुढचे तीन महिने आहे त्या फोनवर, आठवड्याला दोन शॉर्ट. एका व्हिडिओत एकाच प्रश्नाचं उत्तर.
- आधी पाचशे रुपयांच्या आसपासचा कॉलर माईक. चित्र जरा कमी चालतं, आवाज फुटला की लोक पळतात.
- महिन्यातून एक निवांत व्हिडिओ. पहिला वेरूळ आणि राजीवरच. लॅपटॉप माझा.
- जीटीएवर बोलायचं, पण तारखेवर भरवसा ठेवून पैसे खर्च करायचे नाहीत.
- तीन महिन्यांनी सबस्क्रायबर मोजायचे नाहीत. अनोळखी लोकांनी किती प्रश्न विचारले ते मोजायचं.

प्रश्न यायला लागले तर कन्सोलचा विषय पुन्हा काढू, अर्धे पैसे मी घालतो असं कबूल केलंय. हे आता रेकॉर्डवर आहे, त्यामुळे मला पलटता येणार नाही.

परवा त्याने पहिला शॉर्ट पाठवला. शिफ्ट संपल्यावर कंपनीच्या गेटबाहेर उभं राहून केलेला. मागे बसचा हॉर्न वाजतोय, त्यात तो सांगतोय की जुन्या फोनवर गेम अडकत असेल तर आधी काय बंद करायचं. आवाज फाटलाय. पण उत्तर बरोबर आहे आणि बोलणं त्याचं स्वतःचं आहे.

तुमच्याही ओळखीत असा कोणी ईएमआयच्या दारात उभा असेल तर त्याला हा एपिसोड पाठवा. आणि तुम्ही स्वतः सुरू करणार असाल तर गेमचं नाव नंतर ठरवा, आधी ठरवा की कुणाचा कोणता प्रश्न सोडवायचाय. पुढच्या भागात फोनवरून स्वच्छ आवाज कसा रेकॉर्ड करायचा ते बघू. मावसभावाची पहिली फर्माइश आहे. भेटू!