पाखराच्या पायांतील कडें

आश्विन लागला, ढग विरले आणि रब्बीच्या ज्वारीसाठीं पाभरी चालूं लागल्या, म्हणजे हिंगोली जिल्ह्यांतील सिद्धेश्वर व इसापूर या धरणांच्या काठीं नवे पाहुणे दिसूं लागतात. शेपटी सारखी खालींवर हालवीत चालणारा परीट तर शाळेच्या अंगणांतहि उतरतो, आणि उन्हाळा वाढतांच नाहींसा होतो. तो येतो कोठून व जातो कोठें? या प्रश्नाला पूर्वी कल्पनेवांचून उत्तर नव्हतें. युरोपांतील विद्वान देखील पाकोळ्या हिंवाळाभर तळ्याच्या गाळांत दडून बसतात असें मानीत!

या अंदाजांना छेद दिला तो डेन्मार्कमधील एका शाळामास्तरानें. व्हिबोर्ग येथील मॉर्टेन्सन यांनीं १८९९ सालीं भोरडीच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायांत अल्युमिनियमचीं हलकीं कडीं घातलीं व प्रत्येकावर क्रमांक कोरला. युक्ति इतकी साधी कीं ती आधीं कोणास सुचली नाहीं याचेंच नवल वाटतें. हिंदुस्थानांत धारच्या महाराजांच्या साहाय्यानें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९२७ सालीं हें काम आरंभिलें. त्याला खरा जोर आला तो मात्र एका रोगाच्या भीतीनें. १९५७ सालीं म्हैसूर राज्यांतील क्यासनूरच्या जंगलांत माकडें पटापट मरूं लागलीं व माणसांसहि ताप येऊं लागला. त्या तापाचा विषाणु रशियांतील एका विषाणूशीं जुळता निघाला. तेव्हां गोचीड अंगावर घेऊन येणारे पक्षीच तो आणीत नसतील ना, अशी शंका आली. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनें १९५९ पासून सालीम अली यांच्या देखरेखीखालीं हजारों पक्ष्यांना कडीं घालण्यांत आलीं.

हिंगोलीला समुद्र नाहीं. परंतु उत्तरेकडून येणारे चिखलपक्षी समुद्रकाठीं अधिक एकवटतात, म्हणून हें काम ठाण्याच्या खाडीसारख्या जागीं चांगलें समजतें. ही खाडी २०१५ पासून रोहित पक्ष्यांचें अभयारण्य आहे. ओहोटीच्या वेळीं पक्षी मैलोगणती चिखलावर पांगलेले असतात. भरती चढली म्हणजे उरल्यासुरल्या कोरड्या जागीं दाटीनें बसतात. म्हणून अंधाऱ्या रात्रीं भरतीच्या सुमारास तेथें कोळ्याच्या जाळ्यासारखीं बारीक जाळीं उभारतात. सांपडलेला पक्षी कापडी पिशवींत ठेवून त्याचें वजन, पंखाची लांबी व पिसांची स्थिति टिपतात, चिमट्यानें कडें बसवितात आणि त्याला सोडून देतात. पक्षी न दुखवितां पकडण्याची विद्या सोसायटीला शिकविली ती बिहारमधील मीरशिकारांनीं. बाजारासाठीं पांखरें धरणाऱ्यांचा हा वडिलोपार्जित धंदा शास्त्राच्या कामीं आला. चिमणीएवढा टिलवा सैबेरियाच्या उत्तर टोंकाकडील ओसाड प्रदेशांत पिलें वाढवून येथें येतो, हें हातांत घेतल्यावर खरें वाटत नाहीं.

२०२२ सालीं याच खाडींत सहा रोहितांवर जागा कळविणारीं यंत्रें बसविलीं. त्यांतील ‘हुमायून’ नांवाचा पक्षी भावनगरकडे गेल्याचें घरबसल्या कळलें. पण असें यंत्र महाग, आणि टिलव्याला तें पेलवणार कसें? त्याच्यापुरतें कडेंच खरें. कडें मात्र स्वतः बोलत नाहीं. तें कोणाच्या तरी दृष्टीस पडून त्यानें कळविलें तरच अर्थ, आणि येथेंच गाडें अडतें. मे २०२३ मध्यें मुंबईस चेंबूरच्या धक्क्यावर पायांत कडीं असलेलें एक कबूतर सांपडलें. हेर म्हणून संशय आला आणि बिचारें आठ महिने अडकून पडलें. अखेर तें तैवानचें शर्यतीचें कबूतर ठरलें व जानेवारी २०२४ मध्यें सुटलें. अशी वार्ता ऐकणारा कोळी किंवा शेतकरी मेलेल्या बदकाच्या पायांतील कडें पोलिसाच्या भयानें पाण्यांत फेंकून देईल, तर नवल काय?

वस्तुतः त्या कड्यावर क्रमांकाबरोबर मुंबईच्या सोसायटीस कळवावें अशी इंग्रजी सूचनाच कोरलेली असते. पक्षी जिवंत असेल तर कडें काढूं नये. क्रमांक दोनदां वाचून, जमल्यास छायाचित्र घेऊन पक्षी सोडावा. मेलेला असेल तर कडें काढून जपून ठेवावें. मग क्रमांक, तारीख, गांव व तालुका, आणि पक्षी कसा सांपडला, एवढें एका कागदावर लिहून मुंबईस हॉर्नबिल हाऊसच्या पत्त्यावर धाडावें. पक्ष्याचें नांव ठाऊक नसलें तरी चालतें. तें त्या क्रमांकावरून तेथें निघतें.