विंचू, मण्यार आणि श्वास
लाल विंचू चावलेलं मूल कोकणातल्या दवाखान्यात आणतात, तेव्हा ते घामानं निथळत असतं, हातपाय गार पडलेले असतात. काही तासांत खोकला सुरू होतो, तोंडातून गुलाबी फेस येतो. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते अनुभव मांडले. पूर्वी हाती न लागणारी मुलं बरी होऊन घरी जाऊ लागली. तालुक्याच्या गावात राहून केलेलं हे संशोधन महाराष्ट्राला अभिमान वाटावा असंच आहे.

मण्यारीचं विष वेगळ्या वाटेनं जातं. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, दातांचे वणही अनेकदा सापडत नाहीत. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. विषानं मज्जातंतूंची टोकं निकामी केलेली असतात. फुप्फुसं ठणठणीत, पण त्यांचा भाता चालवणारे स्नायू, म्हणजे श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू, लुळे पडतात.

श्वसन निकामी होण्याचे मुख्य दोन प्रकार या दोन दंशांत दिसतात. पहिल्यात धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या खाली जातो. एरवी तो ८० ते १०० असतो. न्यूमोनिया आणि गंभीर कोविडमध्ये हेच घडतं. दुसऱ्यात कार्बन डायॉक्साइड बाहेर पडत नाही, त्याचा दाब ४५ च्या वर चढतो. गिलान-बारी आजार, अफूवर्गीय औषधांचा अतिरेक, बिडीनं किंवा चुलीच्या धुरानं जडलेला सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार ही त्याची आणखी कारणं. कीटकनाशकाच्या विषबाधेत तर छातीत स्राव भरतात आणि स्नायूही दुबळे होतात.

फसगत होते ती दुसऱ्या प्रकारात. नाकाला ऑक्सिजन लावलेला असला, की बोटावरचा ऑक्सिमीटर ९७ दाखवत राहतो. कार्बन डायॉक्साइड त्याला कळतच नाही. रुग्ण गुंगत जातो आणि घरच्यांना वाटतं, झोप लागली. म्हणून डॉक्टर धमनीतलं रक्त तपासतात, एका श्वासात किती आकडे म्हणता येतात ते पाहतात.

मण्यारीच्या विषानं एकदा मोडलेली मज्जातंतूंची टोकं प्रतिविषानं सांधली जात नाहीत. प्रतिविष लवकर द्यायचंच, पण ती टोकं पुन्हा फुटायला दिवस लागतात आणि तोवर श्वास व्हेंटिलेटरनं चालवावा लागतो. या काळात कधी कधी रुग्णाची बाहुलीसुद्धा उजेडाला दाद देत नाही. मेंदू गेला असं वाटावं, अशी ती अवस्था. प्रत्यक्षात रुग्ण आजूबाजूचं सगळं ऐकत असू शकतो. अशा वेळी यंत्र काढणं म्हणजे वाचणारा माणूस गमावणं. व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय दूर असेल आणि वाटेत श्वास मंदावला, तर रुग्णवाहिकेतल्या प्रशिक्षित माणसानं अंबू बॅग, म्हणजे हातानं श्वास देण्याची पिशवी, दाबत राहायचं, रुग्णालय येईपर्यंत.