शेवंडीचीं अंडीं व पाण्याची ऊब

आपल्या कोकणांतील शेवंडीस नांग्या नसतात. अमेरिकेच्या मेन संस्थानच्या किनाऱ्यावरील शेवंडीस मात्र दोन मोठ्या नांग्या असतात. तिची मादी हजारों अंडीं पोटाखालीं चिकटवून नऊ ते बारा महिने बाळगते. त्यांची वाढ पाण्याच्या उष्णमानावर अवलंबून असते. हिवाळ्यांत ती जवळजवळ खुंटते, वसंतांत वेग घेते व उन्हाळ्यांत पिलें बाहेर पडतात.

हीं पिलें प्रथम पाण्यांत तरंगतात, व तीनदां कात टाकल्यावर तळाकडे वळतात. यास २० अंश सेंटिग्रेड पाण्यांत सुमारें दोन आठवडे, तर १० अंशांत जवळजवळ दोन महिने लागतात. तरंगत्या पिलांवर मासे टपलेलेच असतात. तेव्हां हा फरक जीवनमरणाचा होय! शिवाय १२ अंशांहून थंड तळाशीं तीं सहसा उतरत नाहींत.

मग पाणी जितकें ऊन तितकें बरें, असें कोणी म्हणेल. मेनमध्यें कांहीं काळ तसें झालेंही. २०१६ सालीं तेथील पकड सुमारें ६ कोटि किलोंपर्यंत गेली. परंतु अंडीं फार लौकर फुटलीं, तर पिलांस लागणारे सूक्ष्म जीव तेव्हां पाण्यांत असतीलच असें नाहीं. आणि २० अंशांपलीकडे मोठ्या शेवंडींसही पाणी सोसेनासें होतें. मेनच्या दक्षिणेस, लाँग आयलंडच्या सामुद्रधुनींत, १९९९ सालीं तापलेल्या पाण्यांत रोग पडून शेवंडी ढिगांनीं मेल्या. तेथील कोळ्यांचा तो धंदा पुन्हां पूर्ववत् झाला नाहीं.