घरचा पहारा आणि कॅमेरा

दाराबाहेर कोण उभें आहे हें दार न उघडतां पाहावें, ही इच्छा जुनीच आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेनें व तिच्या पतीनें याच हेतूनें एक योजना सिद्ध केली : दारास चार भोकें, त्यांवरून वरखालीं सरकणारा कॅमेरा व आंत चित्र दाखविणारा पडदा. इ. स. १९६९ मध्यें त्यांस तिचें पेटंट मिळालें. आज असा कॅमेरा कोठेंही मिळतो. परंतु काय पाहून घ्यावा हें सांगणारा मनुष्य बहुधा विकणाराच असतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

दुकानदार प्रथम मेगापिक्सेल सांगतो. आमच्या मतें कॅमेऱ्यानें काय ओळखावयाचें, हा पहिला प्रश्न होय. अनोळखी मनुष्याचा चेहरा निश्चित पटण्यास दृश्याच्या दर मीटर रुंदीस २५० चित्रबिंदु असावे, असें आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. कोणी आलें एवढेंच कळण्यास २५ पुरतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांत आडवे १९२० बिंदु असतात. त्यांस २५० नीं भागिलें म्हणजे सुमारें साडेसात मीटर येतात. याहून रुंद अंगण त्याच्यापुढें असेल तर चोर दिसेल, पण तो कोण हें कळेलच असें नाहीं. यास्तव छपराच्या कोपऱ्यांतील एका कॅमेऱ्यावर विसंबूं नये. दुसरा दाराशीं, चेहऱ्याहून थोडाच वर लावावा. फार उंचावरून टोपीच दिसते !

चित्र सांठविणारे रेकॉर्डर दोन जातींचे. भिंतींत जुनी कोअ‍ॅक्सिअल तार असल्यास डी. व्ही. आर. स्वस्त पडतो. नव्या घरीं एन. व्ही. आर. बरा, त्याच्या एकाच तारेंतून वीज व चित्र दोन्ही शंभर मीटरपर्यंत जातात.

खरी फसगत होते ती तबकडीच्या बाबतींत. एक कॅमेरा सेकंदास ४ मेगाबिट पाठवीत असेल तर दिवसाचे ४३ गिगाबाइट होतात. चार कॅमेऱ्यांचे १७३. म्हणजे दोन टेराबाइटची तबकडी अकरा-बारा दिवसांत भरते, व पुढें जुनें पुसून त्यावर नवें लिहिलें जातें. कुटुंब महिनाभर गांवीं गेलें आणि पहिल्याच आठवड्यांत चोरी झाली, तर परत आल्यावर तिचा मागमूसही सांपडणार नाहीं. एच. २६५ पद्धतीनें जागा जवळजवळ निम्मी लागते, तेव्हां ती आहे कीं नाहीं हें आधीं विचारावें. रेकॉर्डर दिवाणखान्यांत मांडूं नये. चोर तोच उचलून नेतो.

परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा. इ. स. २०१६ मध्यें 'मिराई' नांवाच्या घातक आज्ञावलीनें कारखान्याचेच परवलीचे शब्द राहिलेले असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यांत घेतले, व त्यांच्याकरवीं २१ ऑक्टोबरला मोठमोठ्या संकेतस्थळांचा मार्ग रोखला. मालकांस बहुधा त्याची वार्ताही नव्हती.

शेजाऱ्याची खिडकी दृश्यांत येत असल्यास तेवढा भाग काळा करण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते. ती बसविणाऱ्याकडून त्याच वेळीं करून घ्यावी, आणि शेजाऱ्यास घरांत बोलावून पडदा दाखवावा.