वीट : एक शब्द, दोन लिंगे

रायगड जिल्ह्यातील कर्जत-खालापूरमध्ये पावसाळा सरला की वीटभट्ट्या सुरू होतात. अनेक कातकरी आदिवासी कुटुंबे तिथे राबतात. तिथली ‘वीट’ स्त्रीलिंगी, संस्कृत ‘इष्टका’पासून आलेली. नकोसेपणा सांगणारा ‘वीट’ मात्र पुल्लिंगी. म्हणून ‘वीट आली’ म्हणजे बांधकामाचा माल आला आणि ‘वीट आला’ म्हणजे मन विटले. ‘विटणे’ कापडाच्या रंगालाही लागू होते आणि नासलेल्या अन्नालाही.

नकोसेपणा सांगणाऱ्या समानार्थी शब्दांत छटा वेगळ्या:

• कंटाळा : सौम्य, काम सुरू होण्यापूर्वीही येतो.
• वीट, उबग : तेच ते वारंवार घडल्याने.
• वैताग : त्रासातून, चिडीसह.
• तिटकारा : व्यक्ती किंवा वागणुकीबद्दलची तीव्र नावड.
• किळस : घाण पाहून.
• शिसारी : किळसेहून तीव्र, अंगावर शहारा आणणारी.