फिरतं चक्र आणि काळा पडदा

परवा माझी भाची लॅपटॉप घेऊन आली. "मामा, पैसे भरून कोर्स घेतलाय, पण आवाज येतो आणि चित्र काळं!" तिने तीन वेळा ॲप काढून पुन्हा टाकलं होतं. दोष नेटचा नव्हताच. मागे स्क्रीन रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर चालू होतं. चोरी टाळण्यासाठी अनेक कंपन्या व्हिडिओला डिजिटल कुलूप लावतात. गुगलचं 'वाइडवाइन' हे त्यातलंच एक. रेकॉर्डिंगचा संशय आला की ते चित्र रोखू शकतं. सॉफ्टवेअर बंद केलं, पान पुन्हा उघडलं आणि सरांचा फळा दिसू लागला.

चक्र फिरत राहतं, ते दुखणं वेगळं. व्हिडिओ अखंड येत नाही, काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो. ॲपलने 2009 मध्ये आणलेली एचएलएस पद्धत अशीच चालते. पुढचा तुकडा वेळेत पोचला नाही की चित्र थांबतं. अशा वेळी व्हिडिओचा दर्जा 1080 वरून 360 वर आणा. फळ्यावरची अक्षरं बहुधा वाचता येतात.

रात्रभर उघडं ठेवलेलं पान सकाळी चालत नसेल, तर ते रिफ्रेश करा. व्हिडिओच्या लिंकला बऱ्याचदा मुदत असते. तरीही अडलं, तर इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहा. तिथे चाललं, तर जाहिराती अडवणारं एखादं एक्स्टेन्शन आडवं येत असण्याची शक्यता मोठी.

आणि तक्रार करताना नुसतं "चालत नाही" लिहू नका. ब्राउझरचं नाव, धडा, वेळ आणि पडद्यावरचा एरर क्रमांक नक्की कळवा.